गणवेश आखूड व्हायलाच हवा

औसा तालुक्यात, किल्लारीच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांत माझी सारी नोकरी झाली. लेकरांची उंची-वजनं घेऊन रजिस्टरात भरायचं काम कायम माझ्याच गळ्यात पडायचं. बाकीच्यांना ती कागदं रंगवायची कटकट वाटे, मला मात्र त्यात गोडी लागली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊ लागल्यावर त्यातल्या डॉक्टरांना प्रश्न विचारून मी भंडावून सोडलं. मिळेल ते वाचत गेले. मी डॉक्टर नव्हे, आणि औषधपाण्याचा सल्ला देणं माझं काम नव्हे. पण लेकरांच्या वाढीबाबत माणसाचा डोळा किती फसतो, हे इतक्या वर्षांत पुरतं कळलं. ते पालकांपुढं ठेवते.

१. गुटगुटीत दिसलं म्हणजे ठणठणीत असतं असं नाही.

आमच्या आई-आज्यांनी बहात्तरचा दुष्काळ काढला. खडी फोडून मिळालेली सुकडी लेकरांच्या तोंडी घालून त्यांना जगवलं. म्हणून रोडकं लेकरू दिसलं की आजही बाईच्या पोटात गोळा येतो, आणि मांड्यांना वळ्या पडलेलं लेकरू दिसलं की मीठ-मोहरीनं दृष्ट काढली जाते. ही धास्ती खोटी नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. पण याच वयाच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण आधीच्या सर्वेक्षणातल्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलं. उपासमार गेली नाही तोवर लठ्ठपणा दारात आलासुद्धा. एका गल्लीत, कधीकधी तर एकाच घरात, दोन्ही दिसतात. अशा वेळी नुसतं बघून लेकराला पास-नापास करता येत नाही.

२. उंची एकदा मोजून काही कळत नाही. ती पुन्हा मोजावी लागते.

आज लेकरू ११५ सेंटिमीटर आहे, एवढ्यावरून फारसा बोध होत नाही. सहा महिन्यांत, वर्षात ते किती वाढलं, यात खरी गोष्ट असते. जन्मताना लेकरू साधारण ५० सेंटिमीटरचं असतं. पहिल्या वर्षी ते २५ सेंटिमीटरच्या आसपास वाढतं, दुसऱ्या वर्षी १२च्या आसपास. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरची चाल असते. ती चारच्या खाली घसरली तर डॉक्टरांना दाखवायला हवं, मग लेकरू दिसायला कसंही असो.

मोजायचीही रीत असते. चपला काढायच्या. टाचा, कुल्ले, खांदे भिंतीला टेकवायचे, नजर समोर. पोरींच्या डोक्यावरच्या रिबिनीची फुलं आधी सोडायची, नाहीतर दोन सेंटिमीटर तिथंच वाढतात. डोक्यावर पाटी आडवी ठेवून तिची कड भिंतीला काटकोनात लावायची आणि पेन्सिलीची रेघ मारायची. शक्यतो सकाळीच मोजावं. दिवसभर उभं राहून, पळून पाठीचा कणा दबतो आणि संध्याकाळपर्यंत माणूस जवळजवळ सेंटिमीटरभर कमी भरतो.

३. गणवेश लांबीला पुरतोय पण रुंदीला पुरत नाही, तर थांबून बघा.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. शांत, अक्षर देखणं, कधी कुणाशी भांडण नाही. चौथीत आली तरी तिचा दुसरीतला स्कर्ट गुडघ्याला नीट बसत होता. कमरेचा हूक मात्र लागत नव्हता, आईनं तिथं पिन लावली होती. चेहरा सुजल्यासारखा, कातडी कोरडी, पोट कायम साफ नाही. वर्गात ऊन लागत असताना ती स्वेटर घालून बसे. आई म्हणाली, "खात्यापित्या घरची हाय मॅडम, पण पोरगी नुसती झोपायली बघा. आळशी झालीय."

माझ्या वहीत तिची दोन वर्षांची उंची होती. ती जवळजवळ जागच्या जागी थांबलेली. ती वही पथकातल्या डॉक्टरांपुढं ठेवली, त्यांनी लातूरला पाठवलं. रक्त तपासलं तर टीएसएच नावाचं हार्मोन भलतंच वाढलेलं. थायरॉईड ग्रंथी सुस्तावली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तिला कामाला लावायला टीएसएच जास्त सोडते, म्हणून तो आकडा चढतो.

त्या डॉक्टरांनी सांगितलेला आडाखा मी कधी विसरले नाही. जादा खाण्यानं जाड झालेलं मूल बहुतेक वेळा वयाच्या मानानं उंचही असतं. मूल जाड होतंय आणि उंची थांबलीय, तर हार्मोनचा बिघाड शोधायचा. मग तो थायरॉईडचा असेल, ग्रोथ हार्मोनचा असेल, कॉर्टिसॉल जास्त झाल्याचा असेल. दम्यासाठी किंवा अंगावरच्या चट्ट्यांसाठी कुठून तरी आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तरी हेच होतं. 'जादूची पुडी' देणाऱ्याकडं जाण्याआधी हे ध्यानात असू द्यावं.

गोळी सुरू झाली आणि त्या पोरीचा स्कर्ट वर्षात आखूड झाला. मग आईची नवी तक्रार आली, "आता ऐकतच नाही, दिवसभर उंडारती." मी म्हटलं, हेच तर पाहिजे होतं.

४. गोळी मिळणं सोपं आहे, रोज नेमानं देणं अवघड.

थायरॉईडची गोळी स्वस्त असते. ती सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत द्यायची आणि नाश्त्याआधी अर्धा-पाऊण तास जाऊ द्यायचा. दूध, कॅल्शियम, लोह आणि सोयाबीनचे पदार्थ यांनी ती नीट शोषली जात नाही. आमच्या भागात शिवार सोयाबीनचं, आणि शाळेत लोहाची गोळी दर आठवड्याला, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी. दोन्ही गोळ्यांत चार तासांचं अंतर लागतं. शाळेतली गोळी दुपारच्या जेवणानंतर असते म्हणून ते आपोआप पाळलं जातं, पण घरी आईनं सकाळी दोन्ही एकदम दिल्या तर थायरॉईडची वाया जाते.

दुसरी अडचण लोकलाजेची. "पोरीला गोळ्या चालू हायत" हे बाहेर कळलं तर पुढं लग्न जमणार नाही, म्हणून गोळ्या डब्यात दडवतात आणि पाहुणे आले की चार दिवस बंद करतात. खंड पडला की वाढही अडखळते.

काही बाळं जन्मतःच थायरॉईड कमी घेऊन येतात. भारतात हजार-दीड हजार बाळांत एखादं. जन्मताना ते इतर बाळांसारखंच दिसतं, म्हणून इथं तर डोळ्याचा काहीच उपयोग नाही. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासलं आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं, शिकतं. महिने गेले तर मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. घरात बाळंतपण असेल तर ही तपासणी झाली का, हे दवाखान्यातून निघण्याआधी विचारा.

५. मानेवरचा काळा पट्टा घासून जात नाही.

जाड मुलांच्या मानेवर, काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी कातडी दिसते. आया त्याला मळ समजतात. एका पोराची मान वज्रीनं घासून घासून लाल झालेली मी पाहिली. बेसन, लिंबू सगळं करून झालं होतं, वर "नीट आंघोळ करत नाही" म्हणून बोलणी ती वेगळीच.

तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि त्या जादा इन्सुलिनमुळं कातडी तशी होते. पुढं येऊ शकणाऱ्या मधुमेहाची ही आगाऊ सूचना आहे. वजन आटोक्यात आलं की पट्टा आपोआप फिका पडतो. वज्री टाचेसाठी ठेवा आणि पोराची साखर तपासून घ्या.

उलट प्रकारही ध्यानात ठेवा. चांगलं खातंपितं लेकरू काही दिवसांत वाळायला लागलं, घटाघटा पाणी प्यायला लागलं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, तर त्याच दिवशी साखर तपासा. मुलांमधला टाइप १ मधुमेह असा येतो. त्यात इन्सुलिन लगेच सुरू करावं लागतं. एक आठवडा थांबणंही जिवावर बेतू शकतं.

६. हडकुळ्या अंगातही चरबी दडलेली असते.

१९९३ म्हटलं की आमच्याकडं एकच आठवण, ३० सप्टेंबरच्या भूकंपाची पहाट. त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला होता. शेतात राबणाऱ्या, काटक बाया. त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आपली बाळं स्नायूंनी कमी, पोटातल्या अवयवांनीही लहान. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार, असं हे भारतीय बाळ जगभरच्या अभ्यासकांच्या चर्चेत आलं. गरोदरपणी आईला बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असेल तर सहाव्या वर्षी मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची खूण जास्त दिसते, हेही त्याच गावांतून पुढं आलं.

म्हणून आपल्या मुलांना परदेशी माप लावून चालत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आपले वाढीचे तक्ते काढले. पुण्याचे डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा त्यात मोठा वाटा आहे. प्रौढांत २५चा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) जगभर जादा वजनाची रेघ मानतात. आपल्या तक्त्यांत ती प्रौढ वयाच्या २३शी जुळवलेली आहे, कारण आपल्याकडं चरबीचा त्रास लवकर सुरू होतो.

तक्ता हाताशी नसेल तर दोरा चालतो. लेकराच्या उंचीइतका दोरा घ्या, निम्मा करा आणि बेंबीच्या पातळीवर कमरेला गुंडाळा. टोकं भेटली नाहीत तर पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. करदोडा वरचेवर सैल करावा लागणाऱ्या घरांनी तर हे करून बघावंच.

७. "कमी खा" एवढं म्हणून लेकराचं वजन उतरत नाही.

जाड मुलाला घरी, शाळेत, लग्नात एकच गोष्ट ऐकायला मिळते, तोंड आवर. पण भूक नुसती मनाच्या ताब्यात नसते. १९९४ मध्ये अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन हार्मोनचा शोध लागला. चरबीतून निघून मेंदूला 'आता पुरे' सांगणारा हा हार्मोन. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी जवळच्या नात्यातली दोन मुलं दाखवली, एक आठ वर्षांची, वजन ८६ किलो, आणि दुसरा दोन वर्षांचा, २९ किलो. दोघांच्याही अंगात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. पुढं लेप्टिनचं इंजेक्शन दिल्यावर त्या मुलीची भूक शांत झाली आणि वजन उतरलं. असे आजार अतिशय दुर्मीळ आहेत. पण अगदी तान्हेपणापासून भूक आवरेना असं झालेल्या लेकराच्या आईला दोष देण्याआधी तज्ज्ञाला दाखवावं, एवढं त्यातून कळतं. आता औषधंही येताहेत. सेमाग्लुटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बारा वर्षांवरच्या लठ्ठ मुलांसाठी परवानगी मिळाली.

आमच्या गावातल्या बहुतेक पोरांची गोष्ट मात्र साधी आहे. दुकानात दहा रुपयांचं पाकीट, रंगीत पाण्याची बाटली, हातात मोबाईल. पाचवीपासूनच लातूरच्या क्लासचे वेध, म्हणून खेळाचा तास बुडतो आणि रात्री अकरापर्यंत पुस्तक. शाळकरी पोराला नऊ-दहा तास झोप लागते आणि ग्रोथ हार्मोनचा मोठा झोत गाढ झोपेतच येतो. झोप कापून मार्क वाढतात का ठाऊक नाही, पण लेकराची भूक आणि कंबर वाढते.

ज्या घरांना जमलं त्यांनी एकच केलं, नियम सगळ्या घराला लावला. पाकीट कुणासाठीच आणायचं नाही, आजोबांसाठीही नाही. जाड पोरापुढं भाकरी आणि बारक्या भावापुढं कुरकुरे, असा न्याय टिकत नाही. वेळ अमावस्येच्या सणाला बघा, तीच पोरं शेतात भज्जी, उंडे, आंबील पोटभर खातात आणि दिवस मावळेपर्यंत पळत असतात. त्या दिवशी त्यांना कुणी कॅलरी मोजायला लावत नाही.

८. सातव्या वर्षी सगळ्यांत उंच झालेल्या पोरीचं कौतुक जपून करा.

दुसरीत वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी, आणि अंगानं भरायला लागलेली. घरचे खूश. पण मुलींत आठ आणि मुलांत नऊ वर्षांआधी वयात येण्याच्या खुणा दिसल्या तर त्याला लवकर म्हणतात. अशी मुलं आधी झपाट्यानं वाढतात, पण हाडांची टोकं लवकर जुळतात आणि उंची थांबते. दुसरीतली सर्वांत उंच पोरगी दहावीत सर्वांत बुटकी राहू शकते. मुलींत बहुतेकदा मोठं कारण सापडत नाही, मुलांत मात्र मेंदूची तपासणी टाळू नये. गरज असेल तिथं महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन वयात येणं लांबवता येतं. कोरोनाच्या टाळेबंदीत अशा मुली वाढल्याचं पुण्यातल्या आणि इटलीतल्या डॉक्टरांनी नोंदवलं.

ही गोष्ट आया दबक्या आवाजात सांगतात, बापाला तर सांगतच नाहीत. सात वर्षांच्या लेकरावर पाळीचा भार पडू नये असं वाटत असेल, तर लाजून चालणार नाही.

९. बुटकेपणाचं औषध शोधण्याआधी आईबापाची उंची मोजा.

आईची आणि बापाची उंची मिळवा. मुलगा असेल तर १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि निम्मे करा. बाप १६५, आई १५० सेंटिमीटर असेल तर मुलाचा अंदाज १६४ आणि मुलीचा १५१. यात सात-आठ सेंटिमीटर मागेपुढे धरायचे. बरीच मुलं या हिशेबात नीट बसतात आणि कशाचीच गरज नसते. काही उशिरा वयात येतात, बापही तसाच होता असं आजी सांगते. डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघितलं की त्यांची वाढ अजून शिल्लक आहे हे कळतं. टीव्हीवरच्या भुकटीनं यात काही फरक पडत नाही.

हिशेबात न बसणारी मुलं वेगळी. त्यात कुपोषण, रक्तक्षय, मूत्रपिंडाचे आजार, गव्हाचं न सोसणं असं बरंच निघतं. कारण न सापडणाऱ्या बुटक्या मुलीची गुणसूत्रं तपासतात, कारण अडीच हजार मुलींत एखादीला टर्नर सिंड्रोम असतो. ग्रोथ हार्मोन खरंच कमी असेल तर इंजेक्शन आहे. १९८५पर्यंत ते मृत माणसांच्या पिट्युटरीतून काढत. त्यातून मेंदूचा जीवघेणा रोग पसरल्याचं उघड झाल्यावर ते बंद झालं आणि प्रयोगशाळेत तयार केलेलं आलं. ते वर्षानुवर्षं रोज रात्री टोचावं लागतं. आता आठवड्याला एकदा टोचायची औषधंही निघाली आहेत, अमेरिकेत पहिल्याला मुलांसाठी २०२१ मध्ये परवानगी मिळाली. खर्च शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. पण केंद्राच्या २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणात ग्रोथ हार्मोनची कमतरता आणि टर्नर सिंड्रोम दोन्ही आहेत, आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यासाठीच्या केंद्रांपैकी एक आहे. शेत गहाण टाकण्याआधी तिथं चौकशी करा.

१०. लेकरू मायेनंही वाढतं.

'ढोल्या', 'बुटल्या', 'टिंगू' ही नावं आमच्या शाळांत हजेरीपटातल्या नावांपेक्षा जास्त चालतात. चिडवलेलं पोर मैदानावर जाणं सोडतं, कोपऱ्यात बसून खातं. माझ्या वर्गात मी अशा नावांवर बंदी घातली होती, आणि ती सर्वांत आधी शिक्षकांना लागू होती.

१९४८ मध्ये इंग्लंडच्या एलसी विडोसन जर्मनीतल्या दोन अनाथालयांत मुलांचं वजन-उंची नोंदवत होत्या. एकीकडं प्रेमळ बाई, दुसरीकडं जेवणाच्या ताटावर मुलांना सगळ्यांदेखत झापणारी. प्रयोग म्हणून एका अनाथालयात जादा पाव, जाम, संत्र्याचा रस सुरू झाला. योगायोगानं त्याच वेळी ती कडक बाई तिथं बदलून आली. जादा खाऊनही तिथली मुलं दुसऱ्या घरापेक्षा कमी वाढली. तिची लाडकी मोजकी पोरं तेवढी चांगली वाढली. मनावरच्या ताणानं ग्रोथ हार्मोन दबतं, हे पुढं डॉक्टरांनीच दाखवलं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी लेकरं मी शिकवलीत. ज्यांना आजी, मावशी, कुणीतरी जवळ घेणारं मिळालं, ती ताटावर नीट बसायला आधी लागली.

११. दवाखान्यात जाताना वही घेऊन जा.

"लेकराचं अंगच धरंना" एवढं ऐकून डॉक्टर फार काही करू शकत नाही. दोन वर्षांच्या तारखांसह उंची-वजन हातात असेल तर अर्धं निदान तिथंच होतं. अंगणवाडीत नोंदी असतात, त्या मागून घ्या. पथक शाळेत येईल त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. पथक नसेल तेव्हा ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याचं ठिकाण, आणि गरज पडली तर पुण्या-मुंबईचे मुलांचे हार्मोनतज्ज्ञ, असा रस्ता आहे.

तारखा लक्षात राहत नाहीत म्हणणाऱ्या आयांना मी सोपा उपाय सांगते. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी. झेंडावंदन सकाळीच असतं, पोरं धुतल्या गणवेशात असतात आणि दोन तारखांत सहाएक महिने जातात. पेढा खाऊन घरी आलं की दाराच्या चौकटीला उभं करा, रेघ मारा आणि शेजारी तारीख टाका. दोन झेंडावंदनांतल्या रेघा एकमेकींना चिकटल्या असतील, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.